यंत्रमाग कामगारांचा कान मोजायचा तर: चार विद्याशाखांत शिरणाऱ्या पीएचडीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांना यंत्रमाग कामगारांच्या श्रवणावर पीएचडी करायची आहे. कारखान्यांत आवाज मोजणारे छोटे सेन्सर बसवायचे, मोबाईलवरून कामगारांची श्रवणचाचणी घ्यायची, दोन्हींची सांगड घालायची आणि शेवटी नुकसानभरपाईच्या कायद्यावर एक प्रकरण लिहायचं, असा त्यांचा बेत आहे. गाईड म्हणतात, "चार दगडांवर पाय ठेवू नका, एक विषय धरा." नात्यातल्या एका कारखान्यात मोबाईलच्या अॅपवर घेतलेली काही मोजमापंही त्यांच्याजवळ आहेत. हे जमेल का, सुरुवात कुठून करावी आणि परवानग्या कोणाच्या लागतात, असं त्यांनी विचारलं आहे.

जमेल. फक्त आराखडा मुळातून बदलावा लागेल. आधी सेन्सर, मग नेटवर्क, मग कान आणि शेवटी कायदा, अशी चार प्रकरणं तुम्ही कल्पिली आहेत. या पद्धतीचे प्रबंध मी परीक्षक म्हणून वाचले आहेत. त्यातलं प्रत्येक प्रकरण त्या विषयाच्या माणसाला बाळबोध वाटतं आणि बाकीच्यांच्या डोक्यावरून जातं. तुमच्या कामात खरं तर एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे एक आकडा: अमुक माणसाने इतकी वर्षं इतक्या आवाजात काम केलं, आणि आता त्याला इतकं कमी ऐकू येतं. हा आकडा मायक्रोफोनमधून निघतो, रेडिओवरून सर्व्हरवर जातो, डॉक्टरच्या ऑडिओग्रामशेजारी, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाशेजारी, बसतो आणि उद्या भरपाईच्या दाव्यात उलटतपासणीला उभा राहतो. चारही ठिकाणी तो टिकायला हवा. एका ठिकाणी जरी पडला, तरी बाकी तिन्हीकडची मेहनत पाण्यात. त्यामुळे कायदा शेवटच्या प्रकरणापर्यंत थांबत नाही, तो पहिल्या सर्किटच्या आराखड्यातच येऊन बसतो.

सेन्सरपासूनच घेऊ. मायक्रोफोन कारखान्यात टांगला की त्याला मागाचा खडखडाट ऐकू येतो, तसं जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं, ओरडणंही ऐकू येतं, आणि शेजारच्या मागवाल्याने मालकाबद्दल काढलेले उद्गारही. मूळ ध्वनी साठवलात, तर तुम्ही आवाज मोजत नसून माणसांचं बोलणं टिपताय, असा अर्थ कोणीही काढू शकेल, आणि त्यात चूक नसेल. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात स्पष्ट केलं आहे. उपाय तुमच्याच विषयात आहे. दर मिनिटाची समतुल्य ध्वनिपातळी, कमाल शिखर आणि ऑक्टेव्ह पट्ट्यांतली ऊर्जा सेन्सरमधल्या चिपवरच काढायची, मूळ ध्वनी तिथेच पुसून टाकायचा आणि पुढे फक्त आकडे पाठवायचे. योगायोग असा, की दूरसंचाराची गरजही हीच आहे. तुम्ही बहुधा लोरा वापराल, म्हणजे थोड्या विजेवर लांबवर छोटे संदेश पाठवणारी रेडिओपद्धत. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे आणि पत्र्याच्या शेडमधूनही तो बरा निघतो. पण त्याचा वेग सेकंदाला काही शे ते काही हजार बिट इतकाच. त्यावरून ध्वनी जाणारच नाही, आकडे मजेत जातात. एका निर्णयात तीन विद्याशाखांचं काम झालं. प्रबंधात हे असंच लिहा. 'खासगीपणाचा विचार' म्हणून शेवटी वेगळा परिच्छेद चिकटवू नका.

आता मोबाईलवरच्या मोजमापांबद्दल. ती प्रबंधात घालू नका. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. आवाज चढला की फोन आपोआप संवेदनशीलता कमी करतो, आणि धोट्याच्या फटक्याबरोबर येणारा झटक्याचा आवाज तर छाटलाच जातो. साधा धोट्याचा माग सेकंदाला दोन-तीन वेळा धोटा मारतो. म्हणजे तुम्ही मोजताय तो गुंजारव नाही, घणाघात आहे. अमेरिकेतल्या 'नायॉश' संस्थेने आपलं आवाजमापक अॅप केवळ आयफोनसाठी काढलं, कारण अँड्रॉइडच्या शेकडो मॉडेलांत मायक्रोफोन एकसारखा मिळत नाही. तुम्ही किमान दुसऱ्या वर्गाचा ('क्लास २') ध्वनिमापक घ्या, सोबत ९४ डेसिबलचा ठरलेला आवाज काढून मापक तपासणारा कॅलिब्रेटर घ्या आणि रोज कामाआधी व कामानंतर तपासून वहीत नोंद करा. ही वही पुढे कोर्टातही लागेल, म्हणून सुट्या कागदांवर नको. पानांना क्रमांक घातलेली असावी.

सोलापूरचे म्हणून काही त्रास आहेत, ते पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत बसून सुचत नाहीत. चादरीच्या, टॉवेलच्या कारखान्यात कापसाचे तंतू सतत उडतात आणि मायक्रोफोनचं बारीक छिद्र हळूहळू बुजतं. आकडा रोज थोडा थोडा उतरत जातो आणि आवाज कमी झाला असं वाटतं. वर फोमची टोपी लावलीत तर कॅलिब्रेशन टोपीसकट करा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचं तापमान बाहेरच्यापेक्षा चढं असतं, तेव्हा सेन्सर त्या तापमानात तपासलेला हवा. घड्याळही बघा. स्वस्त क्रिस्टल दहा लाखांत वीस भाग चुकला तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो, महिन्याला जवळपास मिनिटाचा. एकट्या सेन्सरला चालेल, पण पाळी बदलतानाचा आवाज नक्की कोणाच्या खात्यात जातो, हे त्यावर ठरतं. दर रात्री वेळ जुळवून घ्या.

त्यापेक्षा घातक गोष्ट विजेची आहे. सेन्सरचे आकडे गोळा करून सर्व्हरकडे पाठवणारा गेटवे कारखान्याच्या लाईनवर लावलात आणि वीज गेली की माग थांबतात, आणि तुमचं मोजमापही थांबतं. म्हणजे तुमच्या नोंदीतून नेमके शांततेचे तास गळतात आणि सरासरी फुगते. मालकाचा वकील हे पाच मिनिटांत शोधून काढेल, आणि त्याच्याआधी संख्याशास्त्राचा परीक्षक. गेटवेला बॅटरी द्या, सेन्सरमध्ये नोंद साठवायची सोय ठेवा, आणि नोंद तुटली तर ती का तुटली याची खूण आकड्याशेजारी राहू द्या.

मोजलेल्या आवाजाचं करायचं काय, इथे बहुतेक अभियंते घाईने 'डोस' काढतात, म्हणजे दिवसभराचा आवाज मर्यादेच्या कितीपट झाला तो आकडा. जरा थांबा. आपल्या जुन्या फॅक्टरी नियमांतला तक्ता ९० डीबीएला (माणसाच्या कानाला जुळवून मोजलेल्या डेसिबलला) आठ तास देतो आणि दर पाच डेसिबलला वेळ निम्मी करतो: ९५ ला चार तास, १०० ला दोन. नायॉशची शिफारस ८५ डीबीएला आठ तासांची आहे, आणि ती दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करते. त्या हिशेबात १०० डीबीएला फक्त पंधरा मिनिटं मिळतात. आता बारा तासांची पाळी १०० डीबीएमध्ये करणारा एक मागवाला घ्या. पहिल्या हिशेबाने त्याने मर्यादेच्या सहापट आवाज घेतला, दुसऱ्या हिशेबाने अठ्ठेचाळीसपट. माणूस तोच, दिवस तोच. पहिला आकडा कायद्याचा आहे, दुसरा कानाला होणाऱ्या इजेच्या जास्त जवळचा. तुमच्या साठ्यात एकच 'डोस' असेल तर तुम्ही नकळत एक बाजू घेतलेली आहे. म्हणून दर मिनिटाची पातळी जशीच्या तशी ठेवा आणि दोन्ही हिशेब प्रबंधात शेजारी शेजारी मांडा. माझ्या मते तुमच्या प्रबंधातली सगळ्यात वाचनीय दोन पानं हीच होतील. कायद्याची रेघ आणि शरीराची रेघ यांच्यातलं अंतर सोलापुरातल्या प्रत्यक्ष कारखान्यांत किती भरतं, हे मोजून दाखवण्यासारखं आहे.

आता कानाकडे. आवाजाने येणारा बहिरेपणा आतल्या कानातल्या केसपेशी मेल्यामुळे येतो. त्या पुन्हा उगवत नाहीत, म्हणून यावर औषध नाही. ऑडिओग्रामवर तो ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, बहुधा ४ किलोहर्ट्झला, खाचेसारखा दिसतो आणि ८ किलोहर्ट्झला आलेख पुन्हा थोडा वर येतो. वयाच्या बहिरेपणात ही खाच नसते, उतार सरळ खाली जातो. सुरुवातीला माणसाला कळतही नाही, कारण बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि ते शाबूत राहतात. 'स', 'श', 'फ' असली व्यंजनं आधी जातात. तेव्हा कामगार म्हणतो, ऐकू येतंय हो, पण काय बोलताय ते समजत नाही. बायको म्हणते, मुद्दाम ऐकत नाहीत.

चाचणीची वेळ हा इथला कळीचा प्रश्न. पाळी संपल्या संपल्या तपासलंत तर कानाचा तात्पुरता थकवा मोजाल आणि त्याला कायमचं नुकसान म्हणाल. अमेरिकेच्या नियमात आधारभूत चाचणीपूर्वी चौदा तास कामाच्या आवाजापासून दूर राहण्याची अट आहे. आपल्याकडे बारा तासांची पाळी असेल तर दोन पाळ्यांमध्ये उरतातच बारा तास, आणि शहरातल्या विणकरांच्या पूर्वभागात घर आणि माग यांच्यात पुष्कळदा एकच भिंत असते. म्हणजे रोजच्या कामाच्या दिवशी योग्य चाचणी होऊच शकत नाही. ती सुट्टीनंतर, पुढची पाळी सुरू व्हायच्या आत घ्यावी लागते, आणि सुट्टीचा दिवस त्या माणसाने कुठे काढला हे विचारावं लागतं. गड्ड्याच्या यात्रेत लाऊडस्पीकरशेजारी उभा राहिला असेल तर तो दिवस गेला.

जागासुद्धा तशीच. कानात इअरफोन घातला म्हणजे खोली शांत झाली असं नाही. बाहेर माग चालू असताना घेतलेल्या चाचणीत खालच्या वारंवारता बुडून जातात. वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन ऑडिओमेट्रीबद्दल बोला. किमान काही कामगारांची चाचणी ध्वनिबंद खोलीत, कॅलिब्रेट केलेल्या यंत्रावर झालीच पाहिजे. तीच तुमच्या मोबाईल चाचणीची कसोटी. मोबाईलसाठी एकाच मॉडेलचा तारेचा हेडफोन ठरवून घ्या. ब्लूटूथवर ध्वनी दाबून पाठवला जातो आणि पातळी कोण ठरवतंय तेच कळत नाही.

ही तुलना मांडताना अभियंते सहसंबंध गुणांक दाखवतात आणि ०.९७ आला की पेढे वाटतात. डॉक्टरला त्याचं काही वाटत नाही. मोबाईल चाचणी प्रत्येकाला पंधरा डेसिबल जास्त बहिरा ठरवत असेल, तरी सहसंबंध उत्तमच येईल. वैद्यकात विचारतात ते एकमत: दोन मोजमापांतला फरक सरासरी किती आणि त्याचा पसारा किती. त्यासाठी ब्लँड-ऑल्टमन आलेख वापरतात. १९८६ पासून ही रीत रुळली आहे, आणि ती नसेल तर चांगलं वैद्यकीय नियतकालिक तुमचा लेख पुढे पाठवणार नाही.

कान तपासताना इतिहास विचारणंही मोजमापाइतकंच महत्त्वाचं आहे. टीबीसाठी कधी स्ट्रेप्टोमायसिन, कानामायसिन, अमिकासिनची इंजेक्शनं झाली होती का? ही औषधं स्वतःच कान घालवतात. लहानपणी कान वाहत होता का, मधुमेह आहे का, कानात मळ आहे का? मळ तर आधी काढूनच चाचणी घ्या. हे प्रश्न तुम्ही विचारायचे नाहीत, डॉक्टर किंवा ऑडिओलॉजिस्टने विचारायचे.

तुलनेचा गट निवडताना पूर्वभागातलेच शेजारी घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. भिंतीपलीकडचा माग त्यांच्याही कानात चोवीस तास असतो. बँकेतले कर्मचारीही नकोत, कारण त्यांचं खाणंपिणं, वय, शिक्षण, औषधोपचार सगळंच वेगळं. मला विचाराल तर गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतले कारागीर घ्या. शहर तेच, कमाई साधारण त्याच थरातली, दिवसभर यंत्रासमोरचं काम, आणि आवाज खूपच कमी. ते कुठे राहतात हे मात्र तपासा. घर मागाशेजारी असेल तर तो माणूस गटाबाहेर.

नमुन्याच्या आकाराबद्दल थोडं कडक बोलतो, कारण इथे आपल्या लोकांची गफलत ठरलेली असते. सहा कामगारांना सेन्सर लावून दहा लाख सेकंदांची नोंद केलीत तरी नमुना सहाचाच राहतो. समजा बहिरेपणाचं प्रमाण ३० टक्के असेल असा अंदाज आहे आणि तो पाच टक्के पुढेमागे मोजायचा आहे. तर साध्या सूत्राने ३३६ माणसं लागतात. पण एका शेडमधल्या सगळ्यांना आवाज सारखाच, तेव्हा वीस माणसं म्हणजे वीस स्वतंत्र माहित्या नव्हेत. शेडमधलं साम्य ०.०५ धरलं तरी नमुना जवळजवळ दुप्पट, साडेसहाशेच्या घरात जातो. एवढं झेपणार नसेल तर प्रमाण काढायचा प्रश्नच सोडून द्या आणि 'मोबाईल चाचणी किती भरवशाची' हा प्रश्न घ्या. त्याला याहून पुष्कळ कमी माणसं पुरतात, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पीएचडीला तोच प्रश्न शोभतो.

आता कायदा, आणि इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुमच्या संमतीपत्राच्या मसुद्यात 'आपली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील' असं वाक्य असणारच, सगळ्यांच्यात असतं. ते तुम्ही लिहू शकत नाही. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कळवणं बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य आजारांपैकी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो होता, कलम ८९ खाली तपासणाऱ्या डॉक्टरवरही लेखी अहवाल पाठवण्याची जबाबदारी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही कलम १२ मध्ये हीच रचना आहे. म्हणजे तुमच्या चमूतल्या डॉक्टरने एखाद्या कामगाराचा ऑडिओग्राम बघून 'हा आवाजामुळेच' असं मत बनवलं, की त्याच्यावर कायदेशीर कर्तव्य येतं. गोपनीयतेचं आश्वासन देऊन कामगाराला बसवायचं आणि मग अहवाल पाठवायचा, किंवा आश्वासन पाळायचं आणि डॉक्टरला अडचणीत आणायचं, दोन्ही वाईट. म्हणून संमतीपत्रात सरळ लिहा: कायद्याने कळवणं भाग असलेली गोष्ट आम्हाला कळवावी लागेल, ती कोणाला आणि कशी कळवली जाईल हेही लिहा. काही जण हे वाचून उठून जातील. जाऊ द्या.

यातली मेख अशी, की संहितेतली 'आस्थापना' साधारण दहा कामगारांपासून सुरू होते आणि विजेवर चालणारा 'कारखाना' वीसपासून. पूर्वभागातल्या कित्येक शेड या रेषांच्या खालीच असतात. तिथल्या मागवाल्याचा कान तितकाच जातो, पण कायद्याला तो दिसत नाही. कोणती शेड कोणत्या बाजूला पडते ही नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. ती नसेल तर भरपाईबद्दल तुम्ही एक ओळही लिहू शकणार नाही. भरपाईचं म्हणाल तर १९२३ चा भरपाई कायदा आणि १९४८ चा कामगार राज्य विमा (ईएसआय) कायदा, दोन्ही आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत. आवाजाने आलेली श्रवणहानी व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे, आणि माणूस ईएसआयखाली असेल तर त्याची वाट वेगळी. या तपशिलासाठी कायद्याच्या प्राध्यापकांना गाठा. दयानंद विधी महाविद्यालय शहरातच आहे.

मालक आणि कामगार दोघांनाही तुमची भीती वाटेल, आणि दोघांची भीती रास्त आहे. कामगाराला वाटतं, बहिरा ठरलो तर मागावरून काढतील. मालकाला वाटतं, नोटीस येईल. शेडमध्ये शिरायला मालकाची परवानगी लागेल, पण कामगाराची संमती मालकाच्या किंवा जॉबरच्या समोर घेऊ नका आणि कोणी 'हो' म्हटलं, कोणी 'नाही', हे मालकाला कळू देऊ नका. संमतीपत्र मराठीत लिहा आणि तेलुगू, कन्नड, उर्दूत वाचून दाखवा. घरी तेलुगू बोलणारे आपले बरेच लोक वाचतात मराठीच. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तटस्थ साक्षीदार हवा, आणि तो कारखान्यातला नको. मजुरी नगावर असते, तेव्हा चाचणीत गेलेल्या वेळेची भरपाई द्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बुडालेल्या मजुरीची भरपाई बसते. रक्कम किती, ते माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीकडून मंजूर करून घ्या, म्हणजे तिला आमिष म्हणता येणार नाही.

वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तुमचा प्रबंध पूर्ण होईपर्यंत त्यातल्या बहुतेक तरतुदी लागू झालेल्या असतील. संशोधनाला त्यात सूट आहे, पण ती वाचताना लोक अर्धीच वाचतात. माहिती वापरून त्या विशिष्ट माणसाबद्दल कोणताही निर्णय घेतला जात नसेल, आणि ठरवून दिलेले निकष पाळले जात असतील, तरच सूट मिळते. एखाद्या कारखानदाराने तुम्हाला म्हटलं, "सर, कोणाचे कान गेलेत तेवढी यादी द्या, त्यांना दुसऱ्या कामाला लावतो," आणि तुम्ही चांगल्या हेतूने दिलीत, तर ती सूट त्याच क्षणी संपते. यादी द्यायची नाही. गटाचा निष्कर्ष द्या. कामगाराला त्याचा स्वतःचा अहवाल द्या आणि डॉक्टरकडे पाठवा. त्यासाठी सुरुवातीपासून नावं आणि आकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि जोडणारी किल्ली तुमच्या लॅपटॉपमध्ये नको, वैद्यकीय सहकाऱ्याकडे असू द्या.

उद्या एखादा कामगार दावा करील आणि तुमची नोंद मागेल, ही शक्यताही धरा. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात ठामपणे सांगितलं. तो वाद आपल्याच जालन्याच्या निवडणुकीचा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार हे प्रमाणपत्र दोन भागांत असतं, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा, द्यावं लागतं. तुम्हाला हे अवघड नाही. दर रात्रीच्या फाइलचं हॅश आपोआप काढून वेगळं साठवा. तीन वर्षांनी मागे जाऊन हॅश काढून उपयोग नसतो, कारण तोवर फाइल कोणीतरी एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह' केलेली असते.

परवानग्यांचं पटकन सांगतो. नीतिसमितीची मंजुरी पहिल्या कामगाराच्या आधी हवी, आणि ती समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली हवी. २०१९ च्या नियमांपासून हे आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात बहुधा अशी समिती नसते, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे तिथल्या सहकाऱ्यामार्फत जा. अॅप 'निदान करतं' असा दावा केलात तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये शिरलात. 'चाळणी चाचणीची पडताळणी' इतकंच म्हणा, आणि खरोखर तेवढंच करा. पेटंटच्या नादाला फार लागू नका. कलम ३(आय) निदानपद्धतीला आणि ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला दार बंद करतं. मायक्रोफोनच्या छिद्रात तंतू जाणार नाहीत अशी जाळी सुचली तर मात्र लेख छापायच्या आधी अर्ज टाका.

प्रकाशनाबद्दल एकच सावधगिरी. 'अभियांत्रिकी, विधी, वैद्यक, व्यवस्थापन व मानव्यविद्या' सगळं छापणारी, आठवड्यात स्वीकृती देणारी आणि शुल्क घेणारी नियतकालिकं तुमच्या मेलमध्ये रोज येतील. ज्या अंकात उसाची लागवड, सिझेरियन आणि ग्राहक संरक्षण शेजारी शेजारी बसतात, तिथे तुमचा लेख तपासणार कोण? यूजीसीने मान्य नियतकालिकांची स्वतःची केअर यादी २०२५ मध्ये मागे घेतली आहे, तेव्हा नियतकालिक पारखणं आता तुमच्यावरच आहे. सेन्सरचा लेख उपकरणशास्त्राच्या नियतकालिकात द्या, चाचणीच्या पडताळणीचा श्रवणशास्त्राच्या. लेखकांची नावं कोणत्या क्रमाने, हे कामाला सुरुवात होण्याआधी लिहून सही करून ठेवा. आपल्यात पहिलं नाव मोलाचं, डॉक्टरांत पहिलं आणि शेवटचं दोन्ही, कायद्यात बहुतेक जण एकटेच लिहितात. हे आधी बोललं नाही तर शेवटी अबोला होतो.

गाईडांना सांगा की नोंदणी इलेक्ट्रॉनिक्समध्येच राहील. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो, तो कान-नाक-घसा विभागातला घ्या. कायद्यासाठी सहमार्गदर्शक नको, पण संशोधन सल्लागार समितीत विधीचा एक माणूस मागून घ्या आणि त्याला संमतीपत्राचा मसुदा नीतिसमितीकडे जाण्याआधी दाखवा. शीर्षक काहीसं असं चालेल: 'यंत्रमाग कामगारांच्या आवाज-संपर्काचे स्थानिक प्रक्रियेवर आधारित मापन आणि मोबाईल श्रवणचाचणीची पडताळणी'. भरपाईचा शब्द शीर्षकात घालू नका. तो वाचून दारं उघडायच्या आतच बंद होतील. पहिल्या सहा महिन्यांत कामगाराला हात लावायची गरज नाही. दोन-तीन मालकांशी बोलून शेडमध्ये सेन्सर टांगा, कोणाच्याही नावाशी न जोडता नुसता आवाज मोजा, तंतू, उष्णता, वीज आणि घड्याळ यांचा बंदोबस्त करा, आणि तोवर नीतिसमितीची फाइल फिरत राहू द्या.